मावशीची उलटी मूठ

त्यांच्याबद्दल कोणीही सांगायला बसलं की विमानापासून सुरुवात करतं. मी चपलेपासून करतो. त्यांची डावी चप्पल नेहमी उजवीच्या आधी झिजायची. देवळीच्या बाजारात चपला शिवणाऱ्यानं एकदा दोन्ही तळ उलटे करून पाहिले आणि विचारलं, "कॅप्टनसायेब, लंगडी खेळता काय तुम्ही?"

कारण साधं होतं. त्यांचं विमान जमीन सोडायच्या आधी उजव्या बाजूला पळायचं. त्याला सरळ ठेवायचं तर डाव्या पायानं खालचा पेडल दाबून धरावा लागे. वर्षानुवर्षं दाबून दाबून त्या पायाला तेच वळण पडलं होतं. एसटीत पुढच्या सीटवर बसले की गाडी सुटताना त्यांचा डावा पाय फळीवर रुतायचा, आणि गाडीनं वेग घेतला की सुटायचा. विमान ते चपला घालूनच उडवत. बुटात पायाला ऐकू येत नाही, म्हणत.

हे मी हसत सांगू शकतो. पानठेल्यावर, जिनिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत कितीदा तरी सांगितलंय. मात्र एक गोष्ट गाळून. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं, आणि ती गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. त्यांचं विमान पडलं ते माझ्यामुळे. आणि पुढची अकरा वर्षं ते समजत राहिले की आपलाच हात चुकला. ते तसं समजत राहिले, कारण मी त्यांना समजू दिलं.

आता विमानाकडे येतो.

तरुणपणी ते कपाशीवर औषध फवारायची विमानं चालवत. पुढे ती फवारणी बंद पडली आणि हे गावी परतले. गाव त्यांना कॅप्टन म्हणायचं. ते म्हणत, "मी कायचा कॅप्टन? मी फवारनीवाला." भावांच्या वाटणीत काळी जमीन भावांकडे गेली आणि यांच्या वाट्याला देवळीच्या बाहेरची बरड आली. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि दगड, कुसळसुद्धा उगवताना विचार करतं. भावांनी विचारलं, बरडात काय पेरशील? यांनी तिथे धावपट्टी पेरली. दगड वेचले, रोलर फिरवला, टिनाचं शेड घातलं, आणि एके दिवशी ट्रकवरून दोन सीटांचं एक जुनं विलायती विमान आलं. पंख वेगळे, धड वेगळं. लोकांना वाटलं निवडणुकीचा प्रचार आहे.

कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाच्या लिलावातलं होतं ते. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, लाकडी पंखा. वयानं त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान. त्याचं नाव त्यांनी मावशी ठेवलं. मी विचारलं, मावशीच का? म्हणाले, "माय मरो अन मावशी जगो म्हन्तात ना? माय लेकराचं ऐकते. मावशी लाड करते, पन ऐकत नाई."

वारा कोणीकडून येतो ते कळावं म्हणून शेडच्या बाजूला बांबूवर कापडाची पिशवी लावली होती. ती काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या परकराची होती. काकूंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच होतो. त्या म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याले दाखवा माहा परकर!" यांनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अवो, पश्चिमेचा हाये."

मी जिनिंगमध्ये फिटर. कापसाचा हंगाम संपला की आम्ही मोकळे. एकदा ते इंजिनाच्या धुराड्याची तुटलेली पट्टी घेऊन जिनिंगच्या दारात आले आणि विचारलं, "हे जोडाले किती वेळ लागन?" एक जण म्हणाला दहा मिनिटं. दुसरा म्हणाला अर्धा तास. मी म्हणालो, दोन दिवस. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि निघून गेले. तेव्हापासून मी मिस्त्री. नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मुळात बोलण्यात मी कंजूस. त्यांना तेच आवडायचं. "हा मिस्त्री चांगला हाये," ते पाहुण्यांना सांगत, "याच्या तोंडाले पेच बसवला हाये." हे ऐकून मला बरं वाटे. तोंडाला पेच असणं हा गुण आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

कागदोपत्री विमानाला हात लावायचा अधिकार नागपूरच्या एका इंजिनियरचा. तो वर्षातून दोनदा येई, सगळं उघडून पाही, सही करी. मधली हातकामं माझ्याकडे.

मावशीच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. जमिनीवर उभी राहिली की शेपूट खाली आणि नाक आभाळात. आत बसलेल्या माणसाला समोरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. म्हणून जमिनीवर चालवताना नागमोडी चालवायची. डावीकडे वळून उजव्या खिडकीतून पाहायचं, उजवीकडे वळून डाव्या खिडकीतून. ही सवय यांच्या चालण्यात उतरली होती. देवळीच्या बाजारातून ते असेच चालत, भाजीवाल्याकडून भांड्याच्या दुकानाकडे, तिथून पुन्हा भाजीवाल्याकडे. नवा माणूस समजायचा सकाळी सकाळीच घेतली. स्कूटरही तशीच. देवळीचे लोक त्यांना पाहून बाजूला होत नसत, नुसते उभे राहत. ते आपोआप आजूबाजूनं जात.

पेट्रोलचा काटा नव्हता. काचेपुढे टाकीतून एक तार वर आलेली होती, खाली तिला बूच. बूच तेलावर तरंगायचं, तार वरखाली नाचायची. तार नाचते आहे तोवर ठीक. ती बसली की आपणही बसायची जागा पाहावी.

आणि उतरायचं नाव नाही. धावपट्टीवर येऊन टेकणार टेकणार म्हणता म्हणता हातभर उंचीवर तरंगत राहायची. ते म्हणत, "पाहुन्यासारखी हाये. निघतो निघतो म्हन्ते आन दारात घंटाभर उभी राह्यते." अशा वेळी तिला ढकलून चालत नसे. ढकललं तर ती बेडकासारखी उडी मारी. चालवायचा दांडा पोटाशी धरून गप्प बसायचं, तिला वाटेल तेव्हा ती टेके.

मला त्यांनी पहिल्यांदा वर नेलं ते पवनारवरून. खाली धाम नदी, काठावर धुणं वाळत घातलेलं. मी डोळे मिटून सीटची कड धरली होती. त्यांनी मध्येच इंजिन अगदी हळू केलं. ते म्हणाले, "आयक." बाहेर वारा शिट्टी घालत होता. "हे शिट्टी बारीक झाली का आपला वेग कमी झाला. भोंगा झाला का जास्ती झाला. वेगाचं घड्याळ कायले पाह्यजे?" मग दांडा माझ्या हातात दिला. मी तो दगड फोडायची सब्बल धरावी तसा धरला. मावशी थरथरली. "अबे, कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी धर. त्याले मारू नको आन सोडूही नको." मी धरला, आणि ते हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत बसले. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बापानंही टाकला नव्हता.

आता मूठ.

चालवणाऱ्याच्या डोक्यावर, छताला, एक लाकडी मूठ होती. तिच्यापासून तारा मागे शेपटीपर्यंत गेलेल्या. शेपटीवर वीतभर पट्टी, मूठ सरकवली की ती वरखाली होई, आणि विमानाचं नाक वर किंवा खाली धरून ठेवायचा भार हातावर येत नसे. कोणीही समजेल की मूठ पुढे सरकवली तर नाक खाली जाईल. मावशीचं उलटं. मूठ पुढे केली की नाक वर.

मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "सायेब, हे उलटं काऊन?"

"उलटं तुह्यासाठी. तिची ते रीतच हाये."

"सरळ करून देऊ?"

"हात लावजो मंग सांगतो."

उड्डाणाआधी ते सात गोष्टी मोठ्यानं म्हणून तपासत. त्या सातांत मूठ नव्हती. मूठ त्यांच्या हाताचाच भाग होती, आणि स्वतःचा हात जागेवर आहे की नाही हे कोण तपासतं?

विमान पडलं त्या वर्षी पावसाळ्यात मुठीच्या तारा गंजल्या. नव्या तारा नागपूरहून आल्या, घालायचं काम माझं. शेपटीत शिरलो तर दिसलं की तिथे दोन तारा एकमेकींवरून फुल्लीसारख्या गेल्या आहेत आणि एका कप्पीची कड झिजली आहे. मला वाटलं, कोण्या जुन्या कारागिरानं घोळ घातला आहे. त्यामुळेच तार घासते आणि त्यामुळेच मूठ उलटी चालते. फुल्ली काढली, तारा सरळ टाकल्या, पेच आवळले. मूठ पुढे केली, पट्टी शहाण्यासारखी हलली. मी स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाताना शिट्टी घातली. ते विमान बनलंच तसं होतं, जुन्या इंग्रजी पुस्तकात ती फुल्ली चित्रासकट छापलेली होती, हे मला पुढे कळलं. पुस्तक शेडमध्येच होतं. मी उघडलं नव्हतं.

दरवर्षी पावसाळ्यानंतरची पहिली फेरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्हायची. दसऱ्याला का नाही? दसऱ्याला मी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात असे, आणि पंखा फिरवायला त्यांना माझ्याशिवाय दुसरा माणूस चालत नसे. गावातले म्हणायचे, मुहूर्त सोडून देता? ते म्हणत, "मिस्त्री नाई त कायचा मुहूर्त?"

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता. इंजिनियर पुढच्या आठवड्यात येणार होता. त्याची वाट पाहायला हवी होती. त्यांनी पाहिली नाही, पण ही माझी ढाल नाही. ते लग्नाला निघाल्यासारखे आले, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. "मिस्त्री, एकच फेरी. मावशीचे पाय मोकळे करू."

मी पंख्यासमोर उभा राहिलो. "स्विच बंद?" मी ओरडलो. "बंद!" ते ओरडले. पंख्याला हात लावला, आणि त्या क्षणी मला मूठ आठवली.

आठवली नव्हती, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण आठवली होती. मी थांबलोही. ते आतून म्हणाले, "काय झालं?" सांगितलं असतं तर ते उतरले असते, न विचारता हात लावला म्हणून चिडले असते, फेरी रद्द झाली असती. ते इतके खुशीत होते. मी म्हणालो, "काई नाई, सायेब." मनाशी ठरवलं, उतरल्यावर सांगू. काम बरोबरच तर केलंय. पंखा फिरवला.

एकच फेरी असल्यानं वर असताना मुठीला हात लावायची गरजच पडली नाही. मावशी देवळीवरून वळली, उन्हात पिवळी चमकली, परत धावपट्टीच्या रेषेत आली. उतरायच्या आधी ते नेहमी मूठ जरा पुढे करत, म्हणजे नाक वर राही. मी खालून पाहत होतो. नाक वर जायच्या ऐवजी खाली गेलं. त्यांना वाटलं असणार, कमी पडली. त्यांनी आणखी पुढे केली. नाक आणखी खाली. मी धावत सुटलो, हातवारे करत, जसं काही त्यांना दिसणार होतं. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी दांडा ओढला, मावशी धावपट्टीच्या अलीकडे शेजारच्या वावरात आपटली, ओल्या काळ्या मातीत चाकं रुतली, शेपूट वर उठली आणि ती सावकाश, पाय वर करून, कपाशीत उताणी झाली.

मी पोचलो तर ते पट्ट्याला उलटे लटकलेले. सदऱ्याला बोंडं अडकलेली. पेट्रोलचा वास.

"मिस्त्री," ते म्हणाले, "वर कोन हाये? मी का मावशी?"

मला रडू फुटलं. तेवढ्यात वावराची मालकीण विळा घेऊन आली. तिनं आधी कपाशी पाहिली, मग विमान, मग त्यांना. "कॅप्टन, फवारनी कराची होती त सांगून याचं होतं ना बापा!"

"वहिनी, पह्यले मले सुलटं करा. मंग शिव्या द्या."

उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्यांना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. काकू त्यांच्यासोबत गेल्या. जाताना ते मला म्हणाले, "मावशीपाशी थांबजो. कोनाले हात लावू देऊ नको."

मी थांबलो. कोणाला हात लावू दिला नाही. दुपारी, सगळे जेवायला गेले तेव्हा, मी शेपटीचं झाकण उघडलं, दोन तारा सोडवल्या आणि पुन्हा फुल्ली केली. वीस मिनिटं लागली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईदार काम. तपासणीवाले नागपूरहून आले, त्यांनी पुस्तक उघडलं, फुल्ली पुस्तकाप्रमाणे होती. कागदावर लिहिलं गेलं की चूक चालवणाऱ्याची.

त्यांचा कागदावर विश्वास नव्हता. खांद्याचं प्लास्टर निघायच्या आधीच ते शेडवर आले. मावशीला आम्ही बैलजोड्या लावून सुलटी करून आणली होती. ते एका हातानं आत चढले.

"मिस्त्री, मांगं उभा राह्य. मी मूठ पुढं करतो. पट्टी कोनीकडं जाते?"

"खाली, सायेब."

"म्हंजे नाक वर."

"हो."

"पुन्यांदा."

असं त्यांनी किती वेळा केलं मी मोजलं नाही. दर वेळी मी खरं सांगितलं. खाली, सायेब. खाली, सायेब. इतकं खरं बोलून माणूस इतका खोटा होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मग ते उतरले, उजव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे माहाच हात चुकला."

माझ्या तोंडाला पेच.

त्यानंतर ते उडले नाहीत. मावशी पुढे नागपूरच्या एका कॉलेजनं पोरांना शिकवायला नेली. ते गेटपर्यंतही आले नाहीत. हाडाचं काही नाही, हाड जुळलं. पण हातावरचा भरवसा गेला तो गेला. आधी स्कूटर सुटली. मग गॅस बंद केला की नाही हे काकूंना तीनतीनदा पाहायला लावू लागले. दाढी स्वतः करेनात, न्हावी घरी येऊ लागला. सही करायची वेळ आली की आधी कोऱ्या कागदावर करून पाहत. चालताना मात्र तसेच, नागमोडी. काकू एकदा माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या, "विमान पडलं तं पडलं. पन हे अजून त्याच्यातून उतरलेच नाईत, भाऊ."

मी रोज जात होतो त्यांच्याकडे. रोज. लोक म्हणायचे, मिस्त्री किती जीव लावतो म्हाताऱ्याला. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, त्यांच्या खुर्चीचा डुगडुगता पाय बसवून द्यायचो. ते माझी गंमत करायचे, मी हसायचो. गंमत करणं त्यांनी सोडलं नव्हतं, एवढाच आधार होता. एकदा नळाची तोटी मी डावीकडे फिरवून पाहत होतो तर म्हणाले, "मले नको विचारू कोनीकडं फिरवाची. माही साक्ष चालत नाई."

मग त्यांच्या नातीला मुलगी झाली. बारसं देवळीच्या घरी होतं, भर दुपारी. अंगणात मांडव, बायका पाळणा म्हणत होत्या, मी घुगऱ्या वाटत होतो. नात बाळ घेऊन त्यांच्यापुढे आली. "आजोबा, घ्या ना."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेत छडी चुकवायला पोरं नेतात तसे.

"नाई बाई. दुरूनच पाह्यतो. या हातायचा भरोसा नाई."

"अहो, काही होत नाही आजोबा."

"त्याईनं मले एकदा दगा देल्ला हाये. विचार मिस्त्रीले. मिस्त्री होता तती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या हातात घुगऱ्यांचं पातेलं. मी ते खाली ठेवलं.

"सायेब, तुमचा हात चुकला नाई."

"तू गप. तुले काय माहीत?"

"मलेच माहीत हाये. मुठीच्या तारा मी फिरवल्या होत्या. तुम्हाले न सांगता. त्या दिवशी मूठ उलटी नव्हती, सरळ होती. तुम्ही बरोबरच केलं होतं."

त्यांचा पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो. "कोन्त्या तारा?"

"शेपटीतल्या. फुल्ली होती, मी सोडवली."

"तपासनीले तं फुल्ली होती."

"तुम्ही दवाखान्यात गेले, आन मी पुन्हा केली."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाठ सरळ केली आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अवो! इकडं या. हा मिस्त्री काय म्हन्ते ते आयका. सांग रे."

मी काकूंना सांगितलं. काकूंनी पदराला हात पुसले. "अकरा वर्सं तुमी माह्या हातचं खाल्लं, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

"पोरीले बलावा," ते म्हणाले. मुलगी आली. मी सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही बाबांची स्कूटर काढून घेतली. मीच काढून घेतली." आणि माझ्याकडे न पाहता उभी राहिली. मग जावयाला. मग नातीला, ती तिथेच होती तरी. मग पाळणा म्हणणाऱ्या बायकांना. दर वेळी मी कुठे काही गाळलं की ते टोकत, "तसं नाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सांग." शेजारच्या वावराची मालकीण घुगऱ्या खात बसली होती. तिला सांगितलं तर तिनं मूठभर घुगऱ्या परत ताटात टाकल्या. "म्हंजे माही कपाशी तुह्यानं गेली! आन मी शिव्या देल्ल्या कॅप्टनले!"

"त्या आता त्याले द्या," ते म्हणाले. तिनं दिल्या. सगळ्या. मांडवात हसू पिकलं. मीही हसलो की काय, आठवत नाही.

मग नागपूरच्या इंजिनियरला फोन. तोही आता म्हातारा, ऐकायला कमी येणारा. मला ओरडून सांगावं लागलं. "मी! मी फिरवल्या!" रस्त्यानं जाणारे थांबून आत डोकावू लागले. या गडबडीत बाळ त्यांच्याकडे कधी गेलं, कोणी दिलं, मला दिसलं नाही. पाहिलं तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या डाव्या कोपरात होतं आणि उजव्या हातात फोन. फोनवर ते इंजिनियरला सांगत होते, "पुढंच केली होती मी! पुढंच! बरोबर ना?"

चार वाजेपर्यंत पाहुणे गेले. बाळ आत झोपलं. मांडवात आम्ही दोघंच उरलो. काकू भांडी घासत होत्या, जरा जास्तच आवाज करत. मी उठलो.

"बस," ते म्हणाले. "आता मले सांग."

"सायेब, तुम्ही तं दहादा आयकलं."

"ते तू त्याईले सांगत होता. मले कोठी सांगितलं?"

मी बसलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. पंख्यापर्यंत आलो. दहाही वेळा मी इथून उडी मारून थेट कपाशीत गेलो होतो. या वेळी जाता आलं नाही.

"पंख्याले हात लावला, तवा मले आठवलं होतं, सायेब. तुम्ही विचारलं काय झालं. मी म्हनलं, काई नाई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदाच.

"आठवलं होतं?"

"हो."

"आन बोल्ला नाई."

"नाई."

"काऊन?"

"तुम्ही खुशीत होते. रागावले असते."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ वळली, सोडली. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"उद्या येऊ नको," ते म्हणाले. "मले तुहं थोबाड पाह्याचं नाई."

मी मान हलवली, उठलो, मांडवाच्या दारापर्यंत गेलो. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. फाटकाची कडी काढली तेव्हा मागून आवाज आला, नेहमीचा, कामाचा आवाज.

"परवा येजो."